चौथं बटण

रविवारी सकाळी, अजून नीट उजाडलं नव्हतं, मी रेडिओचं चौथं बटण दाबलं आणि कुंबिया लागला, तो नाचगाण्यांतला ठेका. एवढंच झालं. कुणी मेलं नाही, भिंत खचली नाही. पण अंधारात नेहमीच्या खुंटीला टॉवेल अडकवायला जावं, तो खाली पडावा, आणि हात फिरवून बघावं तर खुंटीच कुणीतरी उपटून नेलेली, तसं झालं. मी अकरा नंबरच्या घरात एकटी उभी होते. घर म्हणजे भिंती आणि छत. दारं नाहीत, खिडकीला काच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तोच नाकात गाणारा, बाईनं टाकून दिलेला. पहिलं बटण दाबलं, कुंबिया. दुसऱ्यावर फुटबॉलवरून भांडणारे दोन पुरुष. तिसऱ्यावर तेच फुटबॉल, पुरुष वेगळे. पाचव्यावर नुसती खरखर. मला राग आला. कुणाचा, ते अजून ठरलं नव्हतं. राग माझ्याकडे तयारच असतो. माणूस मागाहून सापडतो.

चौथ्या बटणावर दार्दोचं स्टेशन होतं. दार्दो सिल्वेरा जूनमध्ये एका सकाळी आला नाही, नंतरही आला नाही, आणि ऑगस्टच्या सभेत आम्ही हात वर करून त्याला संस्थेतून काढून टाकलं. वर गेलेल्या हातांमध्ये माझा एक होता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच काही चांगलं सांगणार आहे आणि ते ऐकताना कुणी माझ्याबद्दल भलतं मत करून घेऊ नये. आमची संस्था म्हणजे मोन्तेविदेओ शहराच्या टोकाला, सायागो वस्तीच्या पलीकडे, बत्तीस कुटुंबांनी स्वतःच्या हातांनी बांधत आणलेली बत्तीस घरं. घरटी आठवड्याला एकवीस तास काम. मग तुम्ही बाई असा, बाप्या असा, कंबर धड असो वा नसो. आणि बांधताना कुठलं घर कुणाचं हे कुणालाच ठाऊक नसतं. शेवटची खिडकी बसली की सोडत. त्यामुळे आपल्या भिंतीत सिमेंट आणि दुसऱ्याच्या भिंतीत वाळू असला धंदा इथं चालत नाही. लोक चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकतात तेव्हा त्यांना जे वाटतं म्हणे, ते मला दुसऱ्याच्या घराची विटांची ओळ सरळ लागली की वाटतं. उगाच वाटत नाही. ते वाटायला मला दार्दोनं शिकवलं.

आता तो रेडिओ. पिवळा, चौकोनी, चारी कडांना जाड नळीचा पिंजरा, वरून पडला तरी पिंजऱ्यावर पडावा म्हणून. ड्रिलला लागते तीच मोठी बॅटरी त्याच्या पाठीत बसते. पावसाच्या दिवसांत आम्ही बायकांनी चरबीत तळलेल्या रोट्या बसथांब्यावर विकून तो घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात एल्बियोनं तो मिक्सरशेजारी सिमेंटच्या गोण्यांवर ठेवला. एल्बियो आमचा अध्यक्ष. बस चालवतो, आणि सगळं जग आपल्या बसमध्ये बसलंय अशा आवाजात बोलतो. दार्दोनं रेडिओ तिथून उचलला, रंगाचा मऊ ब्रश घेतला आणि जाळीवरची सिमेंटची भुकटी झटकायला लागला. मी बघत होते. फुंकू नकोस, तो मला म्हणाला, तोंडाची वाफ लागली की आत चुना धरतो. एवढ्यावरून शिकवणी सुरू झाली. बॅटरी तापलेली असताना चार्जरला लावायची नाही. सावलीत ठेवायची, गालाला लावून बघायची, गालाला गार लागली तरच लावायची. पार संपेपर्यंत वाजवायचा नाही. शनिवार-रविवार चार्जरवर विसरायची नाही. बॅटरीच्या पत्र्यांवर काळं चढलं तर शाळेच्या खोडरबरनं घासायचं. गिलावा चालू असेल तर वर पिशवी घालायची, पण तोंड बांधायचं नाही, त्यालाही घाम येतो. अँटेना आधी मिटायची, मग उचलायचा. अँटेनाला धरून उचलणाऱ्याच्या हाताखाली दार्दो काम करायचा नाही, आणि असे आमच्यात बरेच होते. शेवटी सभेनं कागदावर लिहून टाकलं की रेडिओची जबाबदारी दार्दो आणि निबिया यांची. निबिया म्हणजे मी. अठ्ठावन्न वर्षांची, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दुपारपाळी. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव एखाद्या वस्तूसाठी कागदावर आलं होतं. तोवर ते फक्त काय मोडलं, काय जळलं, कोण उशिरा आलं यासाठीच यायचं.

धुलाईखान्याबद्दल मी इथं लिहिणार नव्हते, पण त्याशिवाय रेडिओ कळायचा नाही. एकतीस वर्षं मी रक्ताच्या चादरी गरम पाण्यात ढकलल्या. तिथं यंत्रांचा आवाज असा की माणसाचं बोलणं तोंडाच्या हालचालीवरून ओळखायचं. माझं लग्न, नवरा निघून जाणं, आईचं मरण, सगळं मी त्या आवाजात ऐकलं. म्हणजे ऐकलं नाहीच, बघितलं. शाळा अकराव्या वर्षी सुटली. माझ्याकडे शब्द नव्हते. शब्द नसले की माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर शिव्या देतो. मी दोन्ही केलं. आणि मग या बांधकामावर, हातात थापी, बोटांना चुन्याच्या चिरा, सकाळचा काळोख, आणि त्या पिवळ्या खोक्यातून कुणीतरी माझ्याशी सावकाश, स्पष्ट बोलायला लागलं. बातम्या, मेंढ्यांचे भाव, नदीची पातळी. मी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद फाडायची आणि सुताराच्या पेन्सिलीनं नवीन शब्द लिहून ठेवायची. आज मी जे काही लिहिते ते त्या गोण्यांच्या कागदावरून सुरू झालं. शिकलेले लोक विचारतात, तुमची प्रेरणा काय. मी म्हणते, ड्रिलची बॅटरी. ते हसतात. मी हसत नाही.

दार्दो भाजीच्या घाऊक बाजारात रात्रपाळीला पोती उचलायचा आणि तसाच, झोप न घेता, पहाटे बांधकामावर यायचा. माझीही सकाळच मोकळी. त्यामुळे दिवसाचा पहिला तास आम्ही दोघंच असायचो. मग झुल्मा यायची, आमची सचिव, बगलेत थर्मास आणि हातात माते नावाच्या कडू पाल्याच्या चहाचा तुंबा, आणि एकाच नळीतून आम्ही तिघं आळीपाळीनं ते कडू पाणी प्यायचो. दार्दो वरचा, ब्राझीलच्या सरहद्दीकडचा. त्याची अर्धी भाषा तिकडची. एल्बियो त्याला ब्राझिली म्हणून चिडवायचा. दार्दो चिडायचा नाही, त्यामुळे एल्बियोच चिडायचा. पहिल्या दिवशी मी रचलेली ओळ त्यानं पाणसळ लावून बघितली. बुडबुडा एका बाजूला पळाला. मला वाटलं, आता म्हणेल, बायकांचं काम. तो म्हणाला, तू धुलाईखान्यात चादरीची घडी घालताना काठाला काठ कसा जुळवतेस, तसं बघ की. मी बघितलं. बुडबुडा मधोमध आला. एवढ्या गोष्टीसाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी राहिले असते, आणि मी त्याच माणसाविरुद्ध हात वर केला.

त्याचं स्टेशन पहाटे, उजाडायच्या आतच लागायचं. सूर्य वर आला की दुरून येणारा तो आवाज विरून जायचा. चौथं बटण दाबलं की आधी समुद्रासारखी खरखर आणि तिच्या मागून एक बाई, निरोप वाचणारी. तिकडं शेतं लांब लांब, फोन नाहीत, म्हणून लोक निरोप स्टेशनवर पाठवतात आणि बाई ते सगळ्या मुलुखाला वाचून दाखवते. तेओफिलो यांस कळावे, बैल विकला, चष्मा बसच्या ड्रायव्हरकडे दिला आहे. एर्मेलिंदाबाई यांस, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, येताना लोकरीचे मोजे आणावे. सुरुवातीला मी हसायची. माझ्या घरचं असं कुणी चव्हाट्यावर वाचलं असतं तर मी स्टेशन पेटवून दिलं असतं, असं मी दार्दोला म्हटलं होतं. तो म्हणाला, ज्याचा निरोप त्याला तो एकट्याला आलाय असंच वाटतं. आणि बाकीचे ऐकतात ते बरंच, तेओफिलो झोपला असेल तर शेजारी जाऊन उठवतो. हळूहळू मला त्या लोकांची सवय लागली. चष्मा पोचला का याची मी धुलाईखान्यात दुपारभर काळजी करायची. सहा महिने रोज. एल्बियोसुद्धा रविवारी लवकर आला की तुंबा हातात धरून ऐकत उभा राहायचा, आपण ऐकत नाही असं दाखवत.

आणि आता चौथ्या बटणावर कुंबिया. त्या रविवारी मी तो रेडिओ उगाच लावला नव्हता. आदल्या दिवशी झुल्मा मला म्हणाली होती, लुकडे, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी सभासदांची शेवटची यादी सरकारी कचेरीत जाते, दार्दोच्या जागी नवीन कुटुंबाचं नाव घालतोय. म्हणजे आठ दिवस. तिनं सहज सांगितलं. मला रात्रभर ते सहज वाटलं नाही. एखाद्या माणसाच्या हाताखालून बत्तीस घरांच्या चौकटी गेल्या आणि त्यातली एकही त्याची नाही, आणि आपण त्याला एकदा विचारलंसुद्धा नाही की बाबा, काय झालं. संस्थेनं काढून टाकल्याचं पत्र पाठवलं होतं, पण ते त्याच्या भाड्याच्या खोलीवर, जिथं तो नव्हताच. गावाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. तो म्हणायचा, तिकडं वर. आम्हीही तिकडं वर म्हणायचो. आमचा तिकडचा एकच धागा, ते स्टेशन, त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं. बटण होतं ना. बटण असताना नाव कशाला.

मी रेडिओ उलटा केला. पाठीला, मोठ्या बॅटरीच्या खोबणीशेजारी, रबराचं एक झाकण आहे. ते मी कधी उघडलं नव्हतं. दार्दोनं एकदा सांगितलं होतं, आत दोन पेन्सिल सेल आहेत, मोठी बॅटरी काढली की घड्याळ आणि बटणं ते दोघं धरून ठेवतात, वर्षाला बदलायचे. मी हो म्हटलं होतं. नखानं झाकण उचकटलं. आत हिरवट पांढरी बुरशी फुगून आली होती, दोन्ही सेल फुटलेले, स्प्रिंगा खाल्लेल्या. मग आठवलं. जूनमध्ये, दार्दो यायचा बंद झाला त्याच दिवसांत, एल्बियोनं ड्रिलसाठी रेडिओची बॅटरी काढून नेली होती. परत लावली तेव्हा घड्याळात बाराचे आकडे लुकलुकत होते. लुकलुकतच राहिले. मी ते रोज बघितले. रोज ब्रशनं जाळी झटकली, पत्रे खोडरबरनं घासले, बॅटरी गालाला लावली, आणि लुकलुकणारे बारा बघितले. एल्बियोनं मोकळ्या बटणांवर आपली गाणी आणि आपलं फुटबॉल भरून टाकलं. मी पहाटे रेडिओ लावणंच सोडलं होतं. माझ्या मनात होतं, जो सांगून जात नाही त्याचं स्टेशन मी कशाला ऐकू. तर राग कुणाचा हे त्या क्षणी ठरलं. जबाबदारी दार्दो आणि निबिया यांची. दार्दो नव्हता.

मी व्हिनेगर आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती बुरशी काढली, स्प्रिंगा पॉलिश कागदानं घासल्या, नवे सेल घातले. बारा लुकलुकायचे थांबले. बटणांतली स्टेशनं मात्र परत आली नाहीत, ती कशी येणार. सोमवारी पहाटे मी गोण्यांवर रेडिओ ठेवून काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. ब्राझीलचा पाद्री, अर्जेंटिनाच्या जुगाराचे आकडे, खरखर, खरखर. उजाडलं. हातात सात दिवस उरले. धुलाईखान्यात त्या दुपारी मी एक अख्खी खेप करपवली.

मंगळवारी मला अकरा नंबरमध्ये एक फुटकळ काम होतं, रविवारपासून राहिलेलं. एल्बियोच्या यादीत लिहिलं होतं: खिडकीची खालची पट्टी, कुणा गाढवानं ओल्यात ठसे पाडलेत, भरून घे. मी पहाटेच माल कालवून घेतला, थापीवर गोळा उचलला, बॅटरीचा दिवा धरला. पट्टीवर चार खळगे होते. गोल, अंगठ्याएवढे. दोन पुढं, दोन मागं, पण पट्टीला समांतर नाहीत, तिरके. असं वाकडं मला सहन होत नाही. माझा हात पुढं झाला. आणि तो हात तसाच थांबला, कारण त्याला काहीतरी आठवलं, माझ्या आधी. या खिडकीत दार्दो रेडिओ ठेवायचा. तिरका. मी जाता-येता तो सरळ करायची. तो काही न बोलता परत तिरका करायचा. मी परत सरळ करायची. कितीतरी दिवस आमची ही मुकी मारामारी चालली होती, आणि मला वाटायचं, हा माणूस विटेच्या बाबतीत केसभर चुकत नाही आणि रेडिओ मात्र वाकडा ठेवतो. मग एक दिवस त्यानं माझ्याशी भांडणं सोडून दिलं असणार. पट्टी ओली असताना रेडिओचे चार रबरी पाय तिच्यात दाबून ठेवले असणार, म्हणजे निबियानं सरळ केला तरी जागा राहील. मिक्सरजवळ तर तो मोटरीनं नुसता खरखरतो. आणि तो दूरचा आवाज वाटेल तिकडून येत नाही, रेडिओनं त्याच्याकडे तोंड करावं लागतं, हेही त्यानं एकदा सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. मी थापी खाली ठेवली. रेडिओचे पाय त्या खळग्यांत बसवले. बसले, जणू जागच्या जागी. काटा अगदी सावकाश सरकवला, पाणसळीतला बुडबुडा आणतात तसा, श्वास धरून. खरखरीच्या मागून बाई म्हणत होती, ओनोफ्रे यांच्या मावशींनी आज उतारापाशी वाट बघावी, औषध येत आहे.

मी चौकटीला टेकून खाली बसले. रडले असं लिहायची पद्धत आहे. मी रडले नाही, मी मोठ्यानं एक शिवी दिली, देवाला किंवा एल्बियोला, आणि बाईनं शेवटी स्टेशनचा फोन नंबर सांगितला तो मी पट्टीच्या कडेला खिळ्यानं कोरला, कारण कागद शोधेपर्यंत मी विसरले असते.

शेडमधल्या फोनवरून मी नऊ वाजता लावला. तीच बाई होती. नाव ओन्दिना. बोला, कुणासाठी निरोप, ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरखरीशिवाय इतका जवळून आला की मला ती उघडी पडल्यासारखी वाटली. मी म्हटलं, मोन्तेविदेओहून बोलतेय, एका बांधकामावरून, तुमच्याकडच्या एका माणसाला निरोप आहे, दार्दो सिल्वेरा. पलीकडे वही चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुम्ही चौथ्या बटणावरच्या का?"

ती म्हणाली, अहो बाई, तुमच्यासाठी निरोप होता, जूनमध्ये, मी तीन दिवस वाचला. दूधवाल्याच्या हाती चिठ्ठी आली होती. आणि तिनं तो चौथ्यांदा वाचला, तशाच रेडिओच्या सावकाश आवाजात, फक्त माझ्यासाठी. "मोन्तेविदेओला चौथ्या बटणावर ऐकणाऱ्या मंडळींना कळावे. आई पडली, मांडी मोडली, मला सोडून येता येत नाही. माझे तास राखून ठेवा, सगळे भरून देईन. जमत नसेल तर तसं कळवा. निबिया, बॅटरी उन्हात ठेवू नको. दार्दो."

मग तो विचारत होता का, असं मी विचारलं. ओन्दिना म्हणाली, तीनदा विचारायला पाठवलं, मोन्तेविदेओहून काही आलं का. नंतर नाही विचारलं. तुम्ही उशीर केलात बाई, असं ती म्हणाली नाही. तिनं ते म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, निरोप सांगा, लिहून घेते. मी म्हटलं, थांबा, हा माझ्या एकटीचा निरोप नाही. आधी बाकीच्यांना विचारते.

बुधवारी संध्याकाळी सभा बोलावली. मी बोलायला उभी राहत नाही सहसा. मी भांडायला उभी राहते, लोकांना फरक कळतो. त्या दिवशी मी दोन फुटलेले सेल टेबलावर ठेवले आणि काय झालं ते क्रमानं सांगितलं. झाकण, बुरशी, लुकलुकणारे बारा, निरोप. जबाबदारी माझी होती हे तीनदा सांगितलं, कारण पहिल्या दोन वेळेला झुल्मा मला सांभाळून घ्यायला बघत होती. एल्बियो खुर्चीत हलला. म्हणाला, अगं म्हातारे, पण रजा सांगायची ही काय रीत, रेडिओवरून? फोन नव्हता का त्याला? काहीजण हसले. मला तो जुना राग घशाशी आला, चांगला तापलेला, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी त्याची गरज नाही हेही कळलं. बॅटरी गालाला लावून बघतात तशी मी थोडी थांबले. मग म्हटलं, "त्याला ठाऊक होतं आपण ऐकतो. सहा महिने ऐकत होतो, जाड्या. तूही. तुला त्या तेओफिलोचा चष्मा पोचल्याचं माझ्या आधी कळलं होतं."

एल्बियोनं टेबलावरचा एक सेल उचलला, बोटांत फिरवला, बोटाला लागलेली हिरवी भुकटी बघितली. मग तो जे म्हणाला त्यासाठी मी त्याची पुढची सगळी गाणी ऐकून घेईन. तो म्हणाला, ड्रिलसाठी बॅटरी मी काढली होती. आणि दार्दोला परत घ्यायला हात वर केला. मग बाकीचे हात गेले. मी मोजले नाहीत, मला दिसत नव्हतं नीट. ठरलं असं: रविवारपर्यंत दार्दो येतो म्हणाला तर सोमवारच्या यादीत त्याचं नाव. नाही म्हणाला किंवा गप्प राहिला, तर ते दुसरं कुटुंब. त्यांनाही घर नव्हतंच, आणि त्यांच्यावर रागावता येत नव्हतं. निरोप कसा लिहायचा यावर अर्धा तास वाद झाला. एल्बियोला त्यात ठराव क्रमांक हवा होता. शेवटी गेला तो असा: दार्दो सिल्वेरा यांस, चौथ्या बटणावरून. निरोप आता मिळाला. चूक आमची. तास राखून ठेवले आहेत. सोडतीत तुझं नाव घालायचं आहे, येतोस का ते रविवारपर्यंत कळव.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ओन्दिनानं तो वाचला आणि मी एकटीनं अकरा नंबरमध्ये उभं राहून ऐकला. आपलाच निरोप दुरून येताना ऐकणं विचित्र असतं. चूक आमची, हे शब्द चारशे किलोमीटर जाऊन परत येतात तेव्हा त्यांच्यातलं सगळं खोटं वाटेत गळून गेलेलं असतं. उत्तर आलं नाही. तो आता रेडिओ ऐकत नसेल. आई मेली असेल. त्याचीही एखादी बॅटरी असेल आणि ती कुणीतरी उन्हात ठेवली असेल. मी त्या तीन दिवसांत त्याला हजार कारणं दिली, जी ऑगस्टमध्ये मला एकही सुचली नव्हती. ज्याला आपण काढून टाकतो त्याला आधी आपण आपल्या मनात आळशी करतो, कृतघ्न करतो, मग हात हलका वर जातो. मी दार्दोला मनात काय काय केलं होतं ते मी इथं लिहिणार नाही, पण मला ते सगळं पाठ आहे.

रविवारी पहाटे मी आले तेव्हा झुल्मा आधीच खिडकीशी उभी होती. मग दोघं तिघं करत बाकीचे आले. काहीजण झोपेतले, स्वेटर उलटा घातलेला. एल्बियो सर्वांत शेवटी आला आणि सगळ्यांना ढकलत पुढं गेला. रेडिओ खळग्यांत बसलेला होता. मी आदल्या रात्री बॅटरी पुरती भरून, गार करून लावली होती. आणि चौथ्या बटणावर बोट दाबून धरून ते स्टेशन पुन्हा कोरून ठेवलं होतं, एल्बियोचा कुंबिया पुसून. मी बटण दाबलं. खरखर आली, आणि मागून बाई. लग्नाचं आमंत्रण. विहिरीचा पंप. कुणाच्या तरी आजोबांचे दात तयार झाले होते. पूर्वेकडे पांढरं व्हायला लागलं होतं, आवाज कडेनं विरायला लागला होता, झुल्मानं माझ्या हातात तुंबा दिला आणि मी तो ओढलाच नाही, नुसता धरला. तेव्हा ओन्दिना म्हणाली:

"मोन्तेविदेओला चौथ्या बटणावरच्या मंडळींना. आई काठी घेऊन चालते. शनिवारच्या बसनं येतो. अकरा नंबरच्या खिडकीतल्या खुणा भरू नका. दार्दो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. झुल्मानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. मी पट्टीकडे बघत होते, तिच्यावर नखाएवढा वाळलेला माल अजून चिकटलेला होता, मंगळवारचा, जिथं माझा हात थांबला होता. त्या थांबलेल्या हाताचे, त्या वाकड्या ठेवणाऱ्या माणसाचे, ज्यानं मला सरळ काय ते शिकवलं, त्या दूधवाल्याचे आणि त्या बाईचे आभार मी कसे मानू ते मला कळेना. मला आभार मानायची सवय नाही, तो शब्द गोणीच्या कागदावर अजून उतरलेलाच नाही. एल्बियोनं हात पुढं केला. त्याला सवय आहे, आपलं काम झालं की दुसरं बटण दाबायची. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात रेडिओपर्यंत गेला, आणि त्यानं खिशातून रुमाल काढून जाळीवरची धूळ तेवढी टिपली.

पुढचा निरोप एका घोडीचा होता. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, कुंपण मोडून गेलेली, कुणाला दिसली तर कळवावं. आवाज जवळजवळ गेलाच होता. आम्ही सगळे थोडे पुढं वाकलो. काम सुरू व्हायची वेळ होऊन गेली होती, पण ती कुठल्या वाटेनं गेली ते बाई सांगत होती, आणि ते ऐकल्याशिवाय कुणी जागचं हललं नाही.